घर पाहायला येणारा माणूस



कर्ज न काढता घर घेतले असे सांगणारा नोकरदार अंबरनाथ पूर्वेत आज क्वचितच भेटतो. कर्ज मंजूर होण्यापूर्वी बँकेचा व्हॅल्यूअर घर पाहायला येतो. तो येणार म्हटले की घरात धावपळ उडते. भिंतींना रंग काढतात, ओल आलेल्या कोपऱ्यापुढे कपाट सरकवतात, पोह्यांची तयारी होते. संघटनेच्या कामानिमित्त कामगारांच्या घरी ही धावपळ मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. ती मनापासूनची असते, पण तिचा रोख चुकलेला असतो. असे का होते हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो पुण्यात पसरला. १८९७ मध्ये रँडच्या अधिकाराखाली गोरे शिपाई पुण्यातील घराघरांत शिरले. रोगी शोधले, सामान बाहेर काढले. त्या संतापातूनच २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. घर तपासायला येणारा माणूस हा परका, आणि त्याच्यापासून काही तरी लपवलेच पाहिजे, ही आपली जुनी वृत्ती मला त्या काळाशी जोडलेली दिसते. कोपऱ्यापुढे सरकवलेले कपाट हा तिचाच अवशेष होय.

परंतु आजचा पाहणीदार वेगळ्या वंशातला आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. तळमकी हे तिचे प्रमुख प्रवर्तक. एकत्र येऊन, कायद्याने नोंदणी करून घर उभारण्याची वाट या संस्थेने दाखवली. ती वाट पगारदार मध्यमवर्गाची होती. गिरणी कामगाराला कर्ज मिळे ते पठाणाकडून किंवा किराणा दुकानदाराकडून, आणि तारण असे ते त्याच्या मनगटाचे. त्याचे घर पाहायला सावकार कशाला येईल? गहाण ठेवण्याजोगे घर त्याच्यापाशी नव्हतेच.

हे हळूहळू पालटले. १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला. पुढे या निधीतून घरासाठी रक्कम काढण्याची सोय झाली. १९६३ साली महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली, आणि दरमहा पगारातून हप्ता फेडून घर घेण्याची रीत रुळू लागली. कर्ज देणारा आता दोन गोष्टी पाहू लागला : पगाराची चिठ्ठी आणि घर. त्यातही बँकेच्या तिजोरीत जातात ते घराचे मूळ दस्तऐवज. म्हणून व्हॅल्यूअर कागदावरचे घर आणि डोळ्यांपुढचे घर एकच आहे की नाही, हे मुख्यतः ताडून पाहतो.

हा मेळ आपल्या भागात अवघड का होतो, याचेही उत्तर इतिहासातच आहे. काड्यापेटीचा कारखाना, दारूगोळा कारखाना, मागाहून औद्योगिक वसाहत यांमुळे अंबरनाथला माणसे आली. निवृत्तीनंतर कारखान्याची खोली सोडावी लागे. म्हणून गावात घर शोधणे आले. १९८३ मध्ये अंबरनाथ कल्याण महापालिकेत गेले आणि १९९२ मध्ये पुन्हा स्वतंत्र नगरपरिषद झाली. त्यामुळे मधल्या वर्षांतील इमारतीच्या बांधकाम परवानगीवर कल्याणचे नाव, आणि आजच्या घरपट्टीवर अंबरनाथचे. शेजारच्या उल्हासनगरात तर अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी विधिमंडळाला २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

तेव्हा तयारी करायची ती अशी. मंजूर नकाशा मिळवावा आणि तो हातात धरून स्वतः घरभर फिरावे. गॅलरी बंद करून खोलीत घेतली असेल, मधली भिंत पाडली असेल, तर ते व्हॅल्यूअरच्या टेपला कळल्यावाचून राहत नाही. आपणच आधी सांगावे. करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती आणि वीजबिल यांवरील नाव, मजला व खोली क्रमांक जुळतात का ते पाहावे. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत वर ठेवावी. इमारत जुनी असल्यास बांधकाम तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी व्हावयास हवी. गळती असेल तर ती दुरुस्त करावी; नुसता रंग देऊन ती झाकू नये.

आता ज्यासाठी हा विषय मी निवडला ते सांगतो. व्हॅल्यूअर येतो तो बँकेच्या पैशाची राखण करायला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जातही घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांहून अधिक रक्कम देता येत नाही. शिवाय बँका करारातील किंमत आणि व्हॅल्यूअरने ठरवलेली किंमत यांपैकी सहसा कमी असेल ती धरतात. उरलेला पैसा घेणाऱ्याचा, आणि तोच आधी अडकतो. निवृत्तीला आलेला कामगार ग्रॅच्युइटीच्या भरवशावर इसार देऊन बसतो, मग बँक घर नाकारते, आणि इसार परत मागायला तो एकटाच दारोदार हिंडतो. असे प्रसंग मी जवळून पाहिले आहेत. वस्तुतः १९६३ च्या कायद्यानेच सांगितले आहे की पूर्णत्वाचा दाखला आवश्यक असेल तेथे तो मिळण्यापूर्वी बांधणाऱ्याने ताबा देऊ नये, आणि घेणाऱ्यानेही तो घेऊ नये. २०१६ च्या रेरा कायद्यानंतर नव्या प्रकल्पांची नोंदणी व माहिती कोणालाही पाहता येते. परंतु जुनी घरे आजही हातोहात विकली जातात, आणि तेथे सावध राहायचे ते आपणच.

म्हणून पहिली पाहणी आपली असावी, आणि ती इसाराचा रुपया देण्यापूर्वी व्हावी. दुसरी पाहणी बँकेची. जो विकणारा पहिल्या पाहणीला कागद दाखवायला कांकू करतो, त्याच्या घरी दुसऱ्यांदा जाऊ नये.