बरणीतला पहिला तास

मी काही डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तरी आज मी रुग्णालयातल्या एका बरणीचा इतिहास सांगावयास उभा आहे.

खालापूर तालुक्यातील आमच्या एका साथीच्या पत्नीच्या स्तनातील गाठ काढली. ती मोठी गाठ अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबून वर सलाइन ओतले. रविवार आडवा आला. सोमवारी साथीने स्वतः कर्जतहून लोकलने ती बाटली मुंबईस नेली. आठ दिवसांनी कागद आला : तुकडा खराब झाला आहे, निश्चित सांगता येत नाही. “आता दुसरी गाठ कुठून आणू?” असे त्याने मला विचारले. उत्तर देता येईना, म्हणून मी वाचू लागलो.

शरीरातून मांस निराळे झाले की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि पेशींतील पाचक रस पेशींनाच खाऊ लागतात. सलाइनने हे थांबत नाही. पूर्वी मद्यार्कात तुकडे ठेवीत. पण त्यात ते आक्रसत. १८९३ साली फ्रँकफुर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लुम फॉर्मॅल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासून पाहत होते. काम करता करता आपल्याच बोटांची कातडी कडक झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या कुणी हात धुऊन टाकले असते! ब्लुम यांनी मांसाचे तुकडे त्यात घालून पाहिले, आणि सूक्ष्मदर्शकाखालची रचना टिकून राहिली. तेथून फॉर्मॅलिन जगभर गेले.

आपल्याकडे १९१५ साली खोपोलीच्या टाटा वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. त्याच गिरणगावात, परळला, टाटांच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाचा कर्करोग आणि कमरेला घट्ट धोतर कसण्याने त्या जागी होणारा कर्करोग यांचा त्यांनी अभ्यास केला. गरिबांच्या सवयी आणि गरिबांचे रोग त्यांनी काचपट्टीवर मांडले. पण काचपट्टीवर यायच्या आधी तो तुकडा कुणीतरी बरणीत घातलेला असतो. त्या माणसाचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. बहुधा तो वॉर्डबॉय असतो, आणि पुष्कळदा कंत्राटी.

त्याला काय शिकवायला हवे? बरणी रुंद तोंडाची असावी. द्राव तुकड्याच्या निदान दहापट असावा : कडक फॉर्मॅलिनचा एक भाग, पाण्याचे नऊ भाग, आणि आंबटपणा येऊ नये म्हणून फॉस्फेटचे क्षार. हा द्राव आरंभी तासाला सुमारे एक मिलिमीटर आत शिरतो, पुढे आणखी मंदावतो. मोठी गाठ तशीच टाकली तर बाहेरून ती टणक होते आणि आत नासते. म्हणून जाणत्या डॉक्टरांनी तिला काप द्यावेत. स्तनाच्या गाठीवर संप्रेरकांची तपासणी करून औषध ठरते. त्यासाठी अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१० साली मर्यादा घातली : तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, आणि तेथे ६ ते ७२ तास. आमच्या साथीचा रविवार कुठे बसतो, ते आपणच पाहा.

याच द्रावाची दुसरी बाजूही आहे. २००४ साली लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅल्डिहाइड माणसास कर्करोगकारक असल्याचा निर्णय दिला. कर्करोग ओळखण्यासाठी जो दिवसभर ही वाफ हुंगतो, त्याच्या खोलीत हवा खेचणारा पंखा नसावा काय? संघटनेत मी हा विषय काढला तेव्हा काही जण हसले. पगारवाढीच्या मागणीपत्रात बरणी कशाला, असे त्यांचे म्हणणे. मी ती मागणी घातलीच.

पंखा अजून आलेला नाही. पण एका रुग्णालयातील वॉर्डबॉयने, कुणी न सांगता, बरणीवरच्या चिठ्ठीत दोन वेळा लिहावयास सुरुवात केली आहे : गाठ शरीरातून निघाली ती, आणि फॉर्मॅलिनमध्ये पडली ती.