मीठ कोणाचं, जागायचं कोणी?

"खाल्ल्या मिठाला जागावं" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हल्लीची मुलं दोन-दोन वर्षांनी नोकरी बदलतात, तेव्हा आम्हा म्हाताऱ्यांच्या गप्पांत हे मीठ हमखास निघतं. "आमच्या वेळी एकदा चिकटलं की निवृत्तीपर्यंत तिथेच!" असं आम्ही मोठ्या ऐटीत सांगतो. पण मंडळी, ही निष्ठा पूर्वी आपोआप उगवत होती का? नागपूरच्या एम्प्रेस मिलचा इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही.

१ जानेवारी १८७७. दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं. त्याच दिवशी जमशेटजी टाटांची ही गिरणी नागपुरात सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. जागा जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. पण भोवती कापसाचा मुलूख, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वेची सोय. सगळं जमून आलं, माणसं मात्र जमेनात! हजेरी ऐंशी टक्क्यांच्या वर जाईना. गिरणीत आलेला माणूस मनाने शेतकरीच होता. पेरणी आली, लग्नसराई आली की तो गावाकडे निघाला. भोंग्यावर चालणारं आयुष्य त्याच्या वाडवडिलांनी पाहिलंच नव्हतं. त्यात १८७७ सालीच मजुरीच्या दरावरून इथे संप झाला. देशातल्या गिरणी संपांच्या अगदी पहिल्या नोंदींत तो येतो.

अशा वेळी मालकाला सुचणारे उपाय ठरलेले : दंड करा, पगार कापा, काढून टाका. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता (हे गृहस्थ मूळचे रेल्वेतले, गिरणीचा अनुभव शून्य!) यांनी वेगळा विचार केला. हा माणूस उद्या म्हातारा झाला तर, यंत्रात हात गेला तर, गिरणी त्याची कोण? उत्तरादाखल १८८६ साली पेन्शन फंड निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. आत हवा खेळती राहील अशी व्यवस्था झाली, आगीपासून बचावासाठी पाण्याचे फवारे बसले. कुटुंबांसाठी मेळावे भरत, खेळ होत, चांगल्या कामगारांना रोख रक्कम, सोन्याची साखळी, घड्याळ, कापड असं बक्षीस मिळे.

हे किती आधीचं, ते पाहा. कामगार भरपाईचा कायदा आला १९२३ साली, भविष्य निर्वाह निधीचा १९५२ साली. इकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांना साध्या रविवारच्या सुट्टीसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. ती मिळाली १८९० साली.

यात निव्वळ परोपकार होता असं मी म्हणणार नाही. रोज नवा माणूस शिकवण्यापेक्षा जुना टिकवणं स्वस्त, हा हिशेब होताच. पण हिशेब दोन्हीकडून जुळणारा होता. पुढे गिरणी भरभराटीला आली, वाढली, बापामागून मुलगा कामाला लागू लागला. म्हणजे निष्ठेचा पहिला हप्ता मालकाने भरला, कामगाराची परतफेड मागून आली.

शेवट मात्र चटका लावणारा आहे. १९८६ साली गिरणी राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद पडली. त्या जागी आता मॉल उभा आहे. सव्वाशे वर्षांचा भोंगा थांबला, तेव्हा कामगाराची निष्ठा कमी पडली होती असं कोणी म्हणू शकेल का? मिठाला जागणारा जागत होता, मीठच संपलं.

म्हणून हल्लीच्या मुलांना नावं ठेवताना मी जरा थांबतो. अकरा महिन्यांचा करार हातात द्यायचा आणि बाराव्या महिन्याची निष्ठा मागायची, हे कसं जमायचं? तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.