नदीचे राखणदार

नदीला आपण माता म्हणतो आणि गावची गटारे तिच्याच पदरात सोडतो. हे थांबविण्याची विद्या आपल्या देशात केव्हा आली आणि ती लहान गावांपर्यंत का पोहोचली नाही, हे आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहो.

प्रथम हिशेब पाहू. नदीच्या एक लिटर चांगल्या पाण्यात आपल्याकडील हवामानात सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासे जगतात ते त्यावर. उलट एक लिटर घरगुती सांडपाण्यातील घाण कुजविताना सूक्ष्म जंतू दोन-अडीचशे मिलिग्रॅम प्राणवायू खाऊन टाकतात. म्हणजे सांडपाण्याची एक घागर स्वच्छ पाण्याच्या तीस घागरींचा प्राण घेऊ शकते. मोठी बारमाही नदी हा मार काही अंशी सोसते. पावसाळ्यानंतर आटत जाणाऱ्या आमच्या धाडकडच्या नदीनाल्यांजवळ त्या तीस घागरी आणायच्या कोठून?

शुद्धीकरण केंद्र जादू करीत नाही. जे कुजणे नदीत व्हायचे, ते नदीबाहेर उरकून घेते. गाळ खाली बसू द्यायचा, मग जंतूंना हवा देऊन उरलेली घाण त्यांच्याकडून संपवून घ्यायची. ही हवेची रीत 1914 साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी सिद्ध केली.

आपल्याकडील आरंभ मात्र त्याहून जुना आहे. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने 1890 साली माटुंग्यास निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले; वडाळ्याचे आजचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. तेथे 1897 च्या सुमारास सांडपाणी बंद टाकीत कुजवून त्यातला वायू गोळा केला गेला आणि त्यावर इंजिन चालविण्यात आले. समाजाने ज्यांना वेशीबाहेर काढले, त्यांच्या काही शे माणसांच्या वस्तीत ही सोय झाली! धाड त्याहून कितीतरी मोठे आहे. तेव्हा ‘आमचे गाव लहान’ ही सबब इतिहासापुढे टिकत नाही.

पैशाची सबबही अर्धीच खरी. नागपूरच्या संशोधन संस्थेने, 1958 साली स्थापन झालेल्या आजच्या ‘नीरी’ने, उथळ तळ्यांच्या रीतीवर काम केले. त्या तळ्यांत ऊन पडते, शेवाळ वाढते, शेवाळ प्राणवायू सोडते आणि जंतू आपले काम करतात. मोटारीची गरज नाही. जागा हवी आणि देखभाल हवी. कायदाही आहे: महाराष्ट्राने 1969 मध्ये आणि केंद्राने 1974 मध्ये जलप्रदूषणाविरुद्ध कायदे केले.

आता आमच्या चळवळीच्या जिव्हाळ्याची गोष्ट. माटुंग्यास ज्या कुजण्यातून इंजिनाला वायू मिळाला, त्याच कुजण्यातून निघणारे वायू गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरणाऱ्या कामगाराचा श्वास कोंडतात. 2013 च्या कायद्याने असे धोक्याचे काम माणसाकडून करवून घेण्यास बंदी केली; 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरविली. तरी माणसे मरतातच. ज्या टाकीची सफाई यंत्राने करण्याची तरतूद नाही, ती टाकी पुरी झाली असे आम्ही मानीत नाही.

म्हणून गावाच्या अंदाजपत्रकात तीन रकमा एकत्र मांडल्या पाहिजेत: तळ्याला जागा, गाळ उपसायला यंत्र आणि ते चालविणाऱ्याला पुरा पगार. यांतली तिसरी रक्कम कापली, की पहिल्या दोन वाया जातात. नदी राखतो तो शेवटी माणूसच.