टेक्नोस जपान: 'डबल ड्रॅगन' बनवणारी कंपनी का बुडाली?

दोन भाऊ, समोर गुंडांची टोळी आणि दोन मित्रांना एकाच मशीनवर मिळून खेळायची सोय. १९८७ साली आर्केडमध्ये आलेला 'डबल ड्रॅगन' जगभर गाजला. तो बनवणारी टेक्नोस जपान ही मात्र टोकियोतली छोटी कंपनी होती.

डेटा ईस्टमधून बाहेर पडलेल्यांनी १९८१ मध्ये ती सुरू केली. १९८६ मध्ये योशिहिसा किशिमोतो यांनी कुनिओ या मारामारी करणाऱ्या शाळकरी पोराचा गेम आणला. हे नाव कंपनीचे अध्यक्ष कुनिओ ताकी यांच्यावरूनच घेतलं होतं. पुढे फॅमिकॉमवर कुनिओ डॉजबॉल आणि फुटबॉलही खेळला.

१९९१ मध्ये कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर २' आला आणि गर्दी एकास एक लढतींकडे वळली. टेक्नोसची भिस्त मात्र याच दोन जुन्या नावांवर राहिली. १९९४ चा 'डबल ड्रॅगन' चित्रपटही आपटला. १९९६ मध्ये कंपनीला टाळं लागलं.

गेमचे हक्क मात्र टिकले. आधी ते मिलियन कंपनीकडे गेले, २०१५ मध्ये आर्क सिस्टम वर्क्सने विकत घेतले. २०१९ चा 'रिव्हर सिटी गर्ल्स' कुनिओच्याच दुनियेत घडतो.