पाटील, पण कुठले?

शनिवार-रविवारी काहीतरी लिहायचंच हा नेम गेले तीन आठवडे मोडला. त्याला कारण आमचं आडनाव. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरंच!

तर झालं असं. माझे आजोबा (आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो) गेल्या पावसाळ्यात गेले. साक्रीजवळ आमची जेमतेम सव्वादोन एकर जमीन आहे. तिच्यावर वारस नोंद करायची म्हणून बाबांनी कागद गोळा केले आणि घोळ बाहेर आला. मृत्यूच्या दाखल्यावर आप्पा 'पाटील', रेशन कार्डावर 'पाटील', बाबांच्या आणि माझ्या सगळ्या सर्टिफिकेटांवर 'पाटील'. आणि सातबाऱ्यावर? 'सोनवणे'. कागद परत आले. हे सोनवणे कोण आणि तुम्ही पाटील कोण, ते आधी सिद्ध करा!

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं आहेत, रेकॉर्ड एकाच माणसाचं आहे, पण की जुळत नाही.

मी सुट्टी काढून गावी गेलो. आप्पांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांना म्हटलं, "नाना, आपण नक्की कोण? पाटील की सोनवणे?" नाना खाटेवर पडल्या पडल्या हसले आणि अहिराणीत म्हणाले, "आपला घरमा पाटीलकी कधी व्हतीच नई भाऊ. मास्तरनी लिखी दिधं पाटील."

म्हणजे २८ वर्षं मी ज्या नावाने मिरवलो, कॉलेजच्या हॉस्टेलवर 'ए पाटील' म्हटल्यावर कॉलर ताठ केली, ते नाव एका मास्तरांनी हजेरीपटात लिहिलं म्हणून माझं! राग आला नाही, पण थोडं ओशाळल्यासारखं झालं. मग म्हटलं, जे नाव आपलं नाही ते निदान आहे तरी काय, हे बघूया.

मंडळी, पाटील हे मुळात आडनाव नाहीच. ती पोस्ट आहे. परमार राजांच्या ताम्रपटांमध्ये जमीन दान देताना गावातल्या ज्या लोकांना उद्देशून आज्ञा असते, त्यांत 'पट्टकिल' असतो. राजा भोज अकराव्या शतकातला, म्हणजे शब्दाला हजार वर्षं सहज झाली. गुजरातचे पटेलही याच घरातले.

पाटलाचं काम काय? गावचा सारा गोळा करायचा, पडीक जमीन लागवडीखाली आणायची, भांडणं मिटवायची आणि सरकार अंगावर आलं तर गावाच्या वतीने उभं राहायचं. बदल्यात वतन मिळायचं : जमीन, हक्क आणि मानपान. कागदावर पाटलाची निशाणी नांगर, कारण लेखणी कुलकर्ण्याची. हे वतन बापाकडून मुलाकडे जायचं, भावांत वाटलं जायचं आणि चक्क विकलंही जायचं! त्यामुळे एका गावात चार घरं पाटील असू शकत होती आणि पहिला मान कुणाचा यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत.

वतन काढूनही घेता येत असे. १६४६ सालचं शिवाजी महाराजांचं पत्र प्रसिद्ध आहे. रांझे गावच्या पाटलाने बदअमल केला, तेव्हा महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले आणि पाटीलकी जप्त केली. उलट महादजी शिंद्यांचं बघा. दिल्लीच्या बादशाहीची सूत्रं ज्याच्या हातात होती तो माणूस स्वतःला 'पाटील' म्हणवून घेण्यात धन्यता मानायचा. मोठमोठे किताब मिळाले तरी लोकांसाठी तो पाटीलबाबाच.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. (तेव्हा आमचा तालुका पिंपळनेर. १८८० च्या गॅझेटियरमध्ये तेच नाव सापडतं.) इंग्रजांनी पाटील ठेवला, पण त्याला वरच्या कचेरीचा नोकर करून टाकला. १८७४ च्या वतन कायद्याने कुणाचं वतन, कुणाची पाळी, हे सगळं नियमात बसवलं. अखेर महाराष्ट्र झाल्यावर १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचं पद रद्द झालं. १९६७ च्या कायद्यातला पोलीस पाटील उरला, तो आजही आहे, पण ते पद वारशाने मिळत नाही.

थोडक्यात, पोस्ट गेली आणि नाव राहिलं. आणि पोस्ट नसल्यामुळे ते लावायला कुणाची परवानगीही लागेना. शाळेच्या रजिस्टरमध्ये आडनावाचा रकाना भरायचाच असतो. मास्तर विचारणार, पोरगं गप्प बसणार, शेजारचा पाटील तर हाही पाटील. आप्पांचं नाव असंच पडलं असणार. खानदेशात अशी किती घरं निघतील! घरात सोनवणे, बोरसे, देवरे, पवार आणि दाखल्यावर पाटील. मराठा पाटील, लेवा पाटील, शिवाय इतरही. नुसत्या आडनावावरून माणूस ओळखायला गेलात तर फसलातच.

आता हे नाव लावणारे मोठे लोक घेऊ. यादी काढायला बसलो तर गंमतच झाली.

जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील. १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आमदार. (पाटीलकी रद्द करणारा कायदा आला तेच वर्ष!) लग्न शेखावतांच्या घरात झालं, पण सार्वजनिक आयुष्यात पाटील हेच नाव राहिलं आणि २००७ ते २०१२ त्याच नावाने त्या राष्ट्रपती होत्या. स्मिता पाटील जन्मली पुण्यात, १९५५ मध्ये, पण तिचे वडील शिवाजीराव पाटील आमच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. 'भूमिका' आणि 'चक्र' या दोन्हींसाठी राष्ट्रीय पुरस्कार, आणि १९८६ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेली सुद्धा. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरकडच्या जैन घरातले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. संदीप पाटील मुंबईचा. १९८२ मध्ये बॉब विलिसच्या एका ओव्हरमध्ये सहा चौकार मारणारा.

पण मला सगळ्यात आवडली ती चिमठाण्याची गोष्ट. क्रांतिसिंह नाना पाटील सांगली भागातल्या येडे मच्छिंद्रचे. स्वातंत्र्यलढ्यात पडण्याआधी ते तलाठी होते, ती नोकरी त्यांनी सोडली. पुढे १९४३ पासून साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. त्याच प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही मंडळी थेट आमच्या धुळे जिल्ह्यात आली आणि १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ इंग्रज सरकारचा साडेपाच लाखांचा खजिना लुटला. धुळ्याकडून या लढ्यात डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील होते. गंमत बघा, ज्या पाटलाने गावाचा सारा गोळा करून सरकारी तिजोरी भरायची, त्याच नावाचे लोक तिजोरी लुटणाऱ्यांच्या बाजूने उभे!

या यादीतल्या कुणालाही आपण त्यांच्या पाटीलकीमुळे ओळखत नाही. नाव घराण्यातून आलं असेल, काम त्यांचं स्वतःचं.

आता थोडं विषयांतर. मागे आमच्या प्रोजेक्टवर बुडापेस्टची टीम होती. हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, अगदी आपल्या दहावीच्या निकालासारखं. 'पाटील अमुक तमुक'. तिथे एक आडनाव आहे, बिरो. अर्थ न्यायाधीश. जुन्या हंगेरियन खेड्यात गावच्या प्रमुखालाही बिरोच म्हणायचे, म्हणजे जवळपास आपला पाटीलच की! या नावाचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे बॉलपेन बनवणारा लाझ्लो बिरो. जन्म १८९९, बुडापेस्ट. १९३८ मध्ये पेटंट, मग नाझींच्या भीतीने अर्जेंटिना. इंग्लंडमध्ये बॉलपेनला आजही 'बायरो' म्हणतात, ते याच्यावरून.

आणि आता ऐका. लाझ्लोच्या घरात कुणी बिरो नव्हताच! जन्माच्या वेळी आडनाव होतं श्वाइगर. ज्यू कुटुंब, हंगेरियन समाजात मिसळून जायचं होतं, म्हणून १९०५ मध्ये नाव बदललं. 'द थीफ ऑफ बगदाद' लिहिणाऱ्यांतला लायोश बिरो, तोही जन्माने ब्लाउ. म्हणजे हे दोन नामवंत 'न्यायाधीश' आमच्यासारखेच, मागून झालेले. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू :-)

पण त्यात एक फरक आहे, तो सांगायलाच हवा. श्वाइगरचा बिरो झाला तो आपल्याला त्रास होऊ नये म्हणून. आमच्याकडे सोनवण्याचा पाटील का झाला? मान मिळावा म्हणून. आणि गावगाड्यात एका टोकाला पाटील होता तसं दुसऱ्या टोकाला महार वतन होतं. त्यात मान नव्हता, फक्त राबणं होतं. ते १९५८ च्या कायद्याने गेलं. त्या वतनाचं नाव कुणी हौसेने मागून घेतलं नाही. उलट कित्येकांना गाव सोडून शहरात गेल्यावर आडनाव सांगायचीच धास्ती असायची. मी हॉस्टेलवर कॉलर ताठ करत होतो तेव्हा शेजारच्या खोलीतला मित्र पहिलं वर्षभर फक्त स्वतःचं नाव सांगायचा, आडनाव गिळायचा. ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

असो. वारस नोंदीचं काय झालं? नानांनीच मार्ग दाखवला. आप्पांच्या शाळेचा जुना उतारा काढला, त्यात वडिलांचं नाव आणि गाव जुळलं. मग प्रतिज्ञापत्र : दोन्ही आडनावांची व्यक्ती एकच. बाबांनी सही केली 'पाटील', नानांनी खाली 'सोनवणे उर्फ पाटील'. दोघांनी एकाच, तीन रुपयांच्या बॉलपेनने. कागद दाखल झालेत, नोंद व्हायची आहे.

परतताना बाबा एस.टी. स्टँडवर म्हणाले, "पुढे तुझ्या पोरांचं काय लावशील?" अजून लग्नाचा पत्ता नाही, पण प्रश्न योग्य होता. पाटीलच लावीन बहुतेक. एवढे सगळे कागद पुन्हा कोण बदलणार! फक्त कुणी विचारलं 'पाटील म्हणजे कुठले?' तर आता कॉलर ताठ करणार नाही. मास्तरांची गोष्ट सांगेन.