‘टेबल’ : एक क्रियापद, दोन अर्थ

परक्याची भाषा कळली नाहीं तर मनुष्य दुभाष्या शोधतो. समोरच्याची भाषा आपलीच आहे अशी खात्री असली म्हणजे मात्र दुभाष्याची आठवणही होत नाहीं. इंग्रजींतील ‘टेबल’ ह्या क्रियापदाचा इतिहास याची साक्ष देतो.

डिसेंबर १९४१ मध्यें जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला, चर्चिल वॉशिंग्टनला गेले, आणि ब्रिटन व अमेरिका यांच्या सेनाधिकाऱ्यांच्या संयुक्त बैठका सुरू झाल्या. अशाच एका प्रसंगीं ब्रिटिशांनीं तातडीचें एक टिपण तयार करून तें ‘टेबल’ करण्याची इच्छा दर्शविली. वाद लांबला, कडवटही झाला. आणि शेवटीं उमगलें कीं, दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी होती! ब्रिटिशांच्या मतें ‘टेबल’ करणें म्हणजे चर्चेस मांडणें. अमेरिकनांच्या मतें खणांत टाकून विसरून जाणें. ही हकीकत खुद्द चर्चिल यांनींच आपल्या महायुद्धाच्या इतिहासाच्या, १९५० सालीं निघालेल्या तिसऱ्या खंडांत नमूद केली आहे.

आमच्या मतें यांत अडाणी कोणीच नव्हता. दोन्ही अर्थांचा उगम एकच आहे. पार्लमेंटांत अध्यक्षांसमोर जें मेज असतें, त्यावर कागद ठेवणें म्हणजे तो सभेच्या स्वाधीन करणें. परंतु मेजावरचा कागद सभा विचारास घेते, किंवा तो तेथेंच पडून राहतो. ब्रिटननें पहिला परिणाम लक्षांत ठेविला, अमेरिकेनें दुसरा. हेन्री रॉबर्ट ह्या अमेरिकन लष्करी इंजिनिअरनें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या सभानियमांत मेजावर ठेवणें म्हणजे काम तूर्त बाजूस सारणें होय. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत तर तेवढ्यानें प्रस्ताव कायमचाच निकालांत निघतो.

आमच्याकडील ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणें’ हा प्रयोग ब्रिटिश परंपरेंतला. अहवाल पटलावर ठेविला म्हणजे तो सभासदांपुढें आला, असें आपण समजतों. तोच वाचक अमेरिकन वृत्तपत्रांत ठराव ‘टेबल’ झाल्याचें वाचतो, आणि जो मारला गेला तो मांडला गेला अशी समजूत करून घेतो. कोशांत दोन्ही अर्थ असतात. त्यांतला कोणता घ्यावयाचा, हें बोलणारा कोणत्या सभेच्या रिवाजांत वाढला यावरून ठरतें. तेव्हां अशा शब्दाचा अर्थ लावण्यापूर्वीं कागद कोणाच्या मेजावर ठेविला आहे, एवढें वाचकांनीं विचारावें.