कपाळाची कातडी आणि पायाची जखम

धुळें शहरापाशीं मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे दोन हमरस्ते एकमेकांस छेदतात. दुसरा पुढें जळगांवास जातो. अशा रस्त्यांवरील अपघातांत नडगीचें हाड उघडें पडलें, तर वर नुसती पातळ कातडी चिकटवून भागत नाहीं. उघड्या हाडावर ती जगत नाहीं. शेजारची जिवंत कातडी, तिच्या रक्तवाहिन्यांचा देठ न तोडतां, वळवून आणावी लागते. या विसरलेल्या विद्येची पाश्चात्त्यांस पुन्हा ओळख झाली ती आपल्या पुण्यामुळें.

कावसजी हा मराठा शेतकरी जातीचा, इंग्रजी फौजेंतला बैल हांकणारा. १७९२ च्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला आणि नाक व एक हात गमावून बसला. सुमारें वर्षभरानें पुण्यानजीकच्या एका वीट भाजणाऱ्या, बहुधा कुंभार, कारागिरानें त्यास नवें नाक केलें. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापानें घडविला, तो कपाळावर पसरून भोंवतीं रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खालीं फिरविली. दोन भुंवयांमधला चिंचोळा देठ मात्र राखला. वर काताच्या लेपाच्या पट्ट्या बसविल्या. सुमारें २५ व्या दिवशीं, नव्या जागेचें रक्त मिळूं लागल्यावर, देठ कापला. हा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्यें छापला गेला. रोग्याचें नांव आलें, कारागिराचें नाहीं, याचें वाईट वाटतें. त्याच पद्धतीनें जोसेफ कार्प्यू यांनीं १८१४ सालीं लंडनांत शस्त्रक्रिया केली.

पायास हा उपाय उशिरां लाभला. १८५४ सालीं अमेरिकेंत फ्रँक हॅमिल्टन यांनीं एका पायाची कातडी दुसऱ्या पायावर बसविली. या रीतींत दोन्ही पाय कित्येक आठवडे एकत्र बांधून ठेवावे लागत. स्थूल मनुष्यास ही कैद धोक्याची : पाठीस जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्त गोठतें. १९८१ सालीं स्वीडनचे बेंग्ट पाँटेन यांनीं दाखविलें कीं, कातडीखालील चिवट आवरणासकट तुकडा उचलला, तर त्याच पायावरील लांब तुकडाही जगतो.

पण स्थूल देहांत कातडी व तें आवरण यांच्यामध्यें चरबीचा जाड थर असतो. तुकडा जड होतो, नीट वळत नाहीं, देठावर ताण पडतो. चरबीस रक्तही बेताचेंच मिळतें. म्हणून कांहीं शल्यवैद्य वरची कातडी जागींच ठेवून केवळ आवरण व चरबी पुस्तकाच्या पानासारखी जखमेवर उलटतात आणि त्यावर मांडीची पातळ कातडी बसवितात. कातडीसकट तुकडा वळविला असेल, तर पहिले कांहीं दिवस परिचारिका रात्रंदिवस त्याचा रंग पाहते : निळसर दिसला तर रक्त परत फिरत नाहीं, पांढरा पडला तर येतच नाहीं.